असेंब्ली लाइनच्या कन्व्हेयरची भारक्षमता कशी काढायची?

तुमची लाइन १२ मीटरची, ८ स्टेशनं, दोन चेनवर सरकणारे पॅलेट (माल ठेवायचे ट्रे), त्यावर जोडला जाणारा गिअरबॉक्स ४५ किलोचा आणि पॅलेट २० किलोचा. ८ गुणिले ६५ म्हणजे ५२० किलो, ही क्षमता व्हेंडरला कळवली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. मी असे कन्व्हेयर डिझाइन करतो, आणि सगळ्यात जास्त गफलत याच आकड्यात होताना बघतो.

५२० किलो हा सुरळीत चाललेल्या लाइनचा भार आहे. कन्व्हेयरचा कस लागतो लाइन तुंबते तेव्हा. शेवटच्या स्टेशनवर टेस्टिंगला एखादा जॉब, म्हणजे गिअरबॉक्स, अडकला की मागचे पॅलेट एकमेकांना चिकटून उभे राहतात. तुमचा पॅलेट ६०० मिलिमीटर लांब आहे, म्हणजे १२ मीटरमध्ये २० पॅलेट बसतात. २० गुणिले ६५, म्हणजे १,३०० किलो. एकूण पॅलेटच १४ बनवणार असाल तर १४ धरायला हरकत नाही. पण उत्पादन वाढलं की पहिली मागणी जास्तीच्या पॅलेटचीच येते, तेव्हा २० च धरा. सुरुवातीच्या स्टेशनवर नुसतं हाउसिंग (बाहेरचं कवच) असतं म्हणून वजनाची सरासरीही काढू नका. तयार गिअरबॉक्स तेलासकट काट्यावर ठेवा आणि तो आकडा घ्या.

आता ओढ काढू, म्हणजे चेनला किती जोराने ओढावं लागेल ते. इथे घर्षण दोन ठिकाणी होतं आणि त्यातलं एक हमखास विसरलं जातं. पहिलं म्हणजे चेन खालच्या वेअर स्ट्रिपवर (चेन ज्यावर सरकते त्या पट्टीवर) घासते. चेनचं स्वतःचं वजन जाण्या-येण्याच्या बाजू मिळून साधारण १३० किलो धरलं तर (१,३०० + १३०) × ०.२ = २८६ किलो. दुसरं, स्टॉपरने (स्टेशनवर पॅलेट थांबवणाऱ्या अडसराने) पॅलेट अडवलेला असतो आणि चेन त्याच्या खालून घासत पुढे जात राहते. ते १,३०० × ०.२५ = ३२५ किलो. एकूण ६११ किलो, म्हणजे जवळपास ६,००० न्यूटन. हाच हिशोब ८ पॅलेट धरून केला तर २६० किलो येतो. फरक दुपटीहून जास्त आहे.

०.२ आणि ०.२५ हे गुणांक मी नेहमीच्या अनुभवाने घेतलेत, पण तुमच्या चेनवर ते स्वतः तपासता येतात. चेनचे दोन तुकडे समांतर पक्के करा, त्यावर भरलेला पॅलेट ठेवा आणि स्प्रिंग काटा अडकवून हळूहळू, एकसारखा ओढा. ६५ किलोचा पॅलेट सरकत असताना काटा १६ किलो दाखवत असेल तर गुणांक ०.२५ च्या आसपास आहे. हे चेन कोरडी असताना, जमलं तर थोडी धूळ बसलेली असताना करा. नव्या, तेल लावलेल्या चेनवर आकडा कमी येतो, आणि तेवढं तेल काही महिन्यांनी चेनवर राहिलेलं नसतं.

चेन निवडताना ही ओढ दोन्ही चेनमध्ये निम्मी-निम्मी वाटू नका. गिअरबॉक्सचा भार पॅलेटच्या मधोमध नसतो, आणि दोन्ही चेन सारख्या ताणल्याही जात नाहीत. एका चेनवर ६० टक्के धरा, म्हणजे ३,६०० न्यूटन. सुरक्षा गुणांक ८ घेतला तर लागणारी तुटण-ताकद (ज्या ओढीला चेन तुटते ती) २८.८ किलोन्यूटन. १२बी या मापाच्या चेनची किमान ताकद २८.९ आहे, म्हणजे कागदावर ती पास होते. मी ती घेणार नाही. जॉबचं वजन दोन किलोने वाढलं तरी ती नापास होते. १६बी घ्या, तिची ६० आहे. ८ पॅलेटच्या हिशोबाने तर ०८बी सुद्धा पास झाली असती, यावरून बघा.

मोटर सोपी आहे. वेग मिनिटाला ६ मीटर, म्हणजे सेकंदाला ०.१ मीटर. ६,००० × ०.१ = ६०० वॅट. ड्राइव्हची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ८६० वॅटच्या आसपास, १.१ किलोवॅटची मोटर बसते. पण एवढ्या कमी वेगात एचपीपेक्षा मोटरला जोडलेल्या ड्राइव्हच्या गिअरबॉक्सचा आउटपुट टॉर्क (फिरवण्याचा जोर) महत्त्वाचा. १६बी चेनच्या १९ दातांच्या स्प्रॉकेटची (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाची) त्रिज्या ७७ मिलिमीटर, टॉर्क ४६० न्यूटन-मीटर. दीडपट धरून ७०० चा गिअरबॉक्स मागा.

"असू दे, ३.७ किलोवॅटची टाका" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. पॅलेट कुठे अडला तर तेवढी मोटर याच वेगाला चेनवर २५ किलोन्यूटनहून जास्त ओढ देऊ शकते, आणि सुरू होतानाच्या झटक्यात त्याच्याही दुप्पट. मग चेन तुटते, नाहीतर शाफ्टची की (स्प्रॉकेट शाफ्टवर पक्कं धरणारी पट्टी) कातरली जाते, आणि आजूबाजूला माणसं हातात स्पॅनर घेऊन उभी असतात. १.१ चीच मोटर घ्या, व्हीएफडी (मोटरचा वेग सावकाश वाढवणारा कंट्रोलर) लावा आणि टॉर्क लिमिटर (ठरावीक टॉर्कच्या वर ड्राइव्ह सोडणारा भाग) ५५० ते ६०० न्यूटन-मीटरवर सेट करा.

बेअरिंग दाबायचं स्टेशन असेल तर तो दाब चेनवर कधीच येऊ देऊ नका. तिथे पॅलेट उचलून धरणारं युनिट हवं. परतीची रिकाम्या पॅलेटची लाइन वेगळी असेल तर तिचा हिशोब २० किलोप्रमाणे वेगळा करा. ओढ फारच येत असेल तर वर मोकळे फिरणारे रोलर असलेली चेन मिळते. महाग असते, पण अडलेल्या पॅलेटखालचं घर्षण तिने निम्म्याहून खाली येतं.

व्हेंडरच्या ऑर्डरमध्ये नुसती "क्षमता १,३०० किलो" लिहू नका. असं लिहा: "६५ किलोचे २० पॅलेट, सगळे स्टॉपरवर अडलेले, याच स्थितीत बंद करून पुन्हा सुरू झाला पाहिजे." आणि चाचणी त्यांच्या शेडमध्येच घ्या. पॅलेटवर गिअरबॉक्स नसतील तर तेवढ्या वजनाच्या लोखंडी प्लेट ठेवा, भरल्या लाइनवर पाच-सहा वेळा चालू-बंद करायला लावा आणि प्रत्येक वेळी मोटरचा करंट क्लॅम्प मीटरवर स्वतः बघा.