देणगीचं आवाहन लिहिताना आकडे आवरा

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या कुपोषित मुलांसाठी पहिल्यांदाच आवाहन लिहिताय, तर आकडे आधी बाजूला ठेवा. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात लोकांना 5 डॉलर देऊन त्यातून हवं तेवढं दान करायला सांगितलं होतं. मालीतल्या रोकिया या सात वर्षांच्या मुलीबद्दल वाचणाऱ्यांनी सरासरी 2.38 डॉलर दिले, नुसती आकडेवारी वाचणाऱ्यांनी 1.14. खरी मेख पुढेच आहे: रोकियाच्या जोडीला आकडेवारी दिली, तर रक्कम 1.43 वर आली. 'अशी हजारो मुलं आहेत' ही ओळ म्हणूनच घातक. वाचणाऱ्याला वाटतं, माझ्या शंभर रुपयांनी काय होणार?

तेव्हा एकच मूल घ्या. फोटोत त्याची नजर समोर असू द्या, पण फासळ्या आणि नाकातली नळी अजिबात नको. अशा फोटोंनी एखाद्या वेळी पैसे येतीलही, पण लोक बघायचे टाळू लागतात आणि त्या घराची अब्रू जाते ती वेगळीच. आईबापांची संमती पावरी किंवा भिलीत नीट समजावूनच घ्या. नाव बदला, पाडा सांगू नका.

मागणी मोघम नको. शेंगदाणे, गूळ, अंडी यांचा एका मुलाचा महिन्याचा खर्च स्थानिक बाजारभावाने काढा आणि तोच आकडा मागा. 'आज रात्रीपर्यंतच' अशी खोटी मुदत घालू नका. पैसे आल्यावर पावतीसोबत खर्चाचा हिशोबही पाठवा.