खात्यात पगार आला तरी स्लिप मागाच

प्रश्न असा की अनुदानित शाळेत शिपाई आहात, पगार वेळेवर खात्यात येतो, पण स्लिप मागितली की ‘जमा होतोय ना, मग कागद कशाला?’ असं ऐकावं लागतं. मी कोल्हापुरात अशाच एका हायस्कूलमध्ये लिपिक होतो, वर्षानुवर्षं पगारबिलं केलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बँकेच्या पासबुकात फक्त हातात पडलेली रक्कम दिसते. कपात कशाची झाली, हे स्लिपशिवाय कळतच नाही. एका शाळेतले प्रयोगशाळा परिचर तीन महिन्यांच्या स्लिपा घेऊन माझ्याकडे आले होते. टेबलावर पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली. पतसंस्थेचं कर्ज फिटलेलं, बेबाकीचा (काही देणं उरलं नसल्याचा) दाखला खिशात, आणि हप्ता मात्र कापला जातोय! चोरी कुणाची नव्हती. बिल मागच्या महिन्यावरूनच पुढं ओढलं जातं, कपात कुणीतरी हातानं बंद करावी लागते. तरी पैसे गेले ते त्यांच्या घरचेच ना.

स्लिपेवर मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे बघा. घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे वर्ग पाडलेत, त्यात कोल्हापूर शहर ‘वाय’ वर्गात येतं, त्यामुळं खेड्यातल्या शाळेतून शहरात बदली झाली असेल तर घरभाड्याचा दर बदललाय का, ते आधी तपासा. चतुर्थ श्रेणीचा धुलाई भत्ता बऱ्याचदा राहून जातो. व्यवसाय कर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असतो, त्यामुळं त्या महिन्यात शंभर कमी आले तर घाबरू नका.

सगळ्यात जपायची ओळ एनपीएसची, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेची. १ नोव्हेंबर २००५ला किंवा त्यानंतर लागला असाल तर मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के कपात होते. स्लिपेवर ‘कपात’ लिहिलं म्हणजे खात्यात भरलं असं नव्हे. प्रान खात्याचा, म्हणजे तुमच्या नावच्या पेन्शन खात्याचा, उतारा काढा आणि महिना-महिना जुळवा. मधला एखादा महिना गायब दिसला, तर त्या महिन्याची स्लिप हाच तुमचा पुरावा.

स्लिप शालार्थमध्ये, म्हणजे शाळांच्या ऑनलाइन पगारप्रणालीत, मुख्याध्यापकांच्या लॉगिनमधून निघते, फार तर दोन मिनिटांचं काम. तोंडी मागू नका. शालार्थ आयडी घालून, कोणते महिने हवेत ते लिहून अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. तरी नाही मिळाली तर त्या पोचेची झेरॉक्स जोडून वेतन पथकाच्या (शाळांची पगारबिलं तपासणाऱ्या कार्यालयाच्या) अधीक्षकांना लिहा. तुमची नेमणुकीची तारीख इथं कळवलीत, तर कपातीचा हिशेब मांडून देतो.