आमच्या पखवाजवाल्याला वारीला न्यावं का?

ताई, सा. न.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, सातारा जिल्ह्यातला. गावच्या भजनी मंडळाचा हिशेब गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. आमच्या मंडळात पखवाज वाजवणारा एक मुलगा आहे, वय ३१. हात इतका गोड की आजूबाजूच्या गावची मंडळं सप्ताहाला त्याला मागून नेतात. गेल्या कार्तिकात सप्ताह चालू असताना तो चार-पाच रात्री झोपलाच नाही. माऊली माझ्या तोंडून बोलतात, असं म्हणायला लागला. आणि बोलायचाही असं की ऐकत राहावं. काही जण त्याच्या पाया पडले. (खरं सांगतो, एकदा मीही पडलो.) सहाव्या दिवशी त्यानं दिंडीच्या भिशीचे जमलेले १८,००० रुपये आठवडी बाजारात वाटून टाकले आणि अडवायला गेलेल्या टाळकऱ्याच्या डोक्यात टाळ घातला. मग घरच्यांनी साताऱ्याला दवाखान्यात नेलं. बायपोलर असं निदान झालं, लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. आता तो शांत आहे, जरा जास्तच शांत. मंडळात एकदाच आला. हात थरथरत होता, दोघं-तिघं हसले, शेजारी कुणी बसलं नाही. पुन्हा आला नाही.

आमचे बुवा म्हणतात, गोळ्या सोड, पारायणाला बस, सगळं उतरेल. आई म्हणते, यंदा वारीला न्या, माऊलीच्या पायावर घाला. मंडळातले निम्मे म्हणतात, वाटेत काही झालं तर निस्तरायचं कुणी? माळ घातलेल्यानं असल्या गोळ्या घ्याव्यात का, असंही एकानं विचारलं. मला न्यावंसं वाटतं आणि धाकधूकही वाटते. मंडळ म्हणून आम्ही करायचं तरी काय?

तुमचा,
एक गुरुजी

———

गुरुजी, नमस्कार.

कंसातलं ते एक वाक्य लिहायला तुम्हाला जड गेलं असणार. बरं झालं लिहिलंत. ते नसतं तर मी तुम्हाला 'त्याला समजून घ्या, सांभाळून घ्या' असलं काहीतरी मिळमिळीत लिहून पाठवलं असतं. आता तसं लिहिता येणार नाही. कार्तिकात ज्याच्या पाया पडलात, त्याच्याशेजारी थोड्याच महिन्यांत कुणी बसायला तयार नाही, आणि ही दोन्ही कामं एकाच मंडळानं केलीत. तुम्ही सगळे त्याला माफ करायचं की नाही याचा विचार करताय. मला विचाराल तर देणं उलट्या बाजूनं लागतं.

बायपोलर म्हणजे मन कधी उन्मादात चढतं, कधी खोल बुडतं. कार्तिकात त्याला झालं ते उन्मादाचं लक्षण. झोपेची गरजच वाटेनाशी होते, डोक्यात विचार धावतात, हातात पैसा टिकत नाही आणि आपल्यावर काहीतरी मोठं कार्य सोपवलंय याची खात्री पटते. पुण्यात एखाद्या कंपनीत असता तर त्यानं रातोरात नवा धंदा उघडला असता. तुमच्या मंडळात वाढला, म्हणून माऊली बोलायला लागले. त्या पाच रात्रींत कुणीतरी 'बाळा, तू जेवलास कधी, झोपलास कधी' एवढं विचारायला हवं होतं. विचारलं फक्त त्याच्या आईनं, आणि तिलाच लोकांनी गप्प केलं असेल. हा आपला माझा अंदाज.

आधी वारीचं बोलते, कारण दिवस थोडे आहेत.

न्या, पण त्याच्या डॉक्टरांना विचारून, आणि नुसतं 'नेऊ का' असं विचारू नका. लिथियम हा मिठाच्याच जातीचा क्षार आहे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ मध्ये तो उन्मादावर वापरला, आणि आजही तो या आजारावरच्या खात्रीच्या औषधांत धरला जातो. त्याची मोठी अडचण एक. रक्तात हवा तेवढा आणि नको तेवढा यांत अंतर फार थोडं असतं. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात आणि त्याचं विष व्हायला लागतं. आता वारी डोळ्यांपुढे आणा. ऊन, घाम, वाटेवरचं पाणी पिऊन लागलेले जुलाब आणि वर एकादशी. नेमकी ज्येष्ठ वद्य एकादशीलाच पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला जायचं असतं, सगळ्यांत लांबचा टप्पा. त्या दिवशी निर्जळी नाही, अळणी नाही. साबुदाण्याची खिचडी मीठ घालून आणि पाणी पोटभर. त्याला तहान जास्त लागेल, लघवीलाही जास्त जावं लागेल, हाही त्या गोळीचाच गुण. चालत्या दिंडीतून तो मधेच बाजूला झाला तर कुणी डोळे वटारू नयेत.

दुसरी गोष्ट मी मुद्दाम खुलवून सांगते, कारण ती कुणाच्या लक्षात येत नाही. पायाला गोळे आले, गुडघे सुजले की वारकरी वाटेवरच्या औषधाच्या तंबूत शिरतो आणि हातावर पडेल ती गोळी गिळतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी रक्तातलं लिथियम वाढतं. त्यानं तंबूत 'मला लिथियम चालू आहे' हे आधी सांगायचं. साध्या पॅरासिटामॉलनं भागत असेल तर भागवायचं. निघण्याच्या आठवडाभर आधी रक्ताची तपासणी करून घ्या, शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी. आणि वाटेत उलट्या-जुलाब सुरू झाले, हाताची थरथर एकदम वाढली, तोल जायला लागला, जीभ जड झाली, तर दिंडी सोडून थेट मोठा दवाखाना. 'मुक्कामाला पोचल्यावर बघू' म्हणायचं नाही.

तिसरी झोप. या आजाराला जागरण म्हणजे पेटत्या चुलीत रॉकेल. तुमची दिंडी पहाटे तीनला उठून आंघोळीच्या रांगा चुकवत असणार, म्हणजे त्यानं रात्री आठ-साडेआठला पडायला हवं. जागराची पाळी त्याला देऊ नका. ट्रकपासून लांबच्या राहुटीत एका कडेला त्याची वळकटी टाका. गोळ्यांचा एक साठा त्याच्याजवळ, एक सोबत्याच्या पिशवीत, चिठ्ठीची झेरॉक्स दोघांकडे. सोबती एकच आणि त्याच्या आवडीचा. पाच जणांनी पाळीपाळीनं नजर ठेवली तर माणूस कैदी होतो.

आणि आळंदीपासूनच चालायला हवं असं कुणी सांगितलंय? पालखी तुमच्याच जिल्ह्यातून जाते. लोणंदला गाठा, फलटण-बरडपर्यंत चाला, त्याला मानवलं तर पुढे जा. ते चार दिवस वारी नव्हे असं बुवा म्हणाले, तर गावातल्या किती म्हाताऱ्यांनी तेवढीच वारी जन्मभर केली, ते त्यांना मोजून दाखवा.

बुवांवर येते. त्यांच्यावर मी चिडणार होते, पण गावातल्या माणसांना त्यांचा शब्द लागतो, म्हणून त्यांना सोडून चालणार नाही. त्यांना एवढं कळू द्या की लिथियम एकाएकी बंद केलं की पुष्कळदा आजार उसळून परत येतो. श्रद्धेच्या जोडीला उपचार आला नाही की काय होतं, त्याचं टोक म्हणजे तामिळनाडूतलं एरवाडी. ऑगस्ट २००१ मध्ये तिथल्या दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली आणि २८ जण गेले, कारण त्यांना साखळ्यांनी बांधून ठेवलेलं होतं. आणून सोडणारे नातेवाईक दुष्ट नव्हते. 'बरं होईल' म्हणूनच आले होते. साखळीनं बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे, आणि आपल्याकडच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवायच्या नावाखाली मारणं-बांधणं हा गुन्हा आहे. भजन, कीर्तन, यात्रा यांना त्या कायद्यानं हातही लावलेला नाही, हेही बुवांच्या कानावर घाला. काही जणांना अजून उलटंच वाटतं.

आणि चांगलं उदाहरणही दर्ग्याचंच देते. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनाव्याला मीरा दातारचा दर्गा आहे. तिथे दवा आणि दुआ एकत्र चालतात. मुजावर दुआ करतात आणि माणसाला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवतात. दर्गा ओस पडला नाही, आणि मुजावरांचा मानही गेला नाही. तुमच्या बुवांना एवढंच सांगायचंय: पारायणाला बसव, पण रात्रीची गोळी घेऊन. हे त्यांनी कीर्तनात, सगळ्यांसमोर, एकदा म्हटलं तर माझ्या अशा दहा उत्तरांचं काम होईल. गावात गपचूप गोळ्या घेणारे आणखी चार-पाच जण असतील, ते मान वर करून बसतील. मनाच्या प्रसन्नतेवरचा तुकोबांचा अभंग मात्र त्याला ऐकवू नका म्हणावं. ज्याचं मन आजारानं बुडालंय त्याला तो ओरडा वाटतो.

माळेचं थोडक्यात. माळेचा आणि गोळीचा काही तंटा नाही. फक्त कॅप्सुलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिज असतं. कधी कॅप्सुल लिहून दिली आणि त्याच्या मनाला ते खटकलं, तर डॉक्टरांना दुसरा प्रकार मागता येतो. त्यासाठी औषध बुडवायचं नाही.

आता मंडळानं काय करायचं. माझी मोठी आत्या आठवते. दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायची. तिच्या दत्ताच्या भजनातल्या बायका दर गुरुवारी भजन आटोपलं की तिच्या खोलीत येऊन वाती वळत बसायच्या. उपदेश नाही, 'कसं वाटतंय' नाही. आपल्या गप्पा आपसात, सुनांच्या, भाज्यांच्या. एक जण निघताना आत्याच्या उशाशी कापसाचा पुंजका ठेवायची. कित्येक गुरुवार तो तसाच पडून राहिला. मग एकदा आत्यानं पडल्या पडल्या एक वात वळली, जाड, वेडीवाकडी. त्यांनी काही कौतुक केलं नाही. ती वात बाकीच्या वातींत टाकली आणि दुसऱ्या दिवशी निरांजनात लागली. आत्या बरी झाली ती मिरजेच्या डॉक्टरांच्या उपचारांनी. पण मिरजेच्या एस.टी.त तिच्याशेजारी दर महिन्याला बसायची, ती त्या बायकांतलीच एक होती.

तुमच्याकडे तर त्याहून मोठं काहीतरी आहे. डॉक्टर त्याला महिन्यातून दहा मिनिटं बघतात. तुम्ही आठवड्यातून दोनदा त्याचा पखवाज ऐकत आलात. कार्तिकात लय चढत गेली ती कुणाच्या तरी कानाला लागली असणारच, पण तुम्हाला वाटलं, रंग भरला. पुढच्या खेपेला तो कान कामी लावा. मात्र त्याच्या पाठीमागून नाही. तो बरा असतानाच त्याच्याबरोबर, आईबरोबर बसून ठरवा: दोन रात्री झोप झाली नाही तर कुणी विचारायचं, डॉक्टरांना फोन कुणी करायचा, मंडळाचे पैसे हाती द्यायचे नाहीत ते कधी. २०१७ च्या कायद्यानं त्याला आपल्या उपचाराबद्दल आगाऊ सूचना लिहून ठेवता येते आणि आपला प्रतिनिधी नेमता येतो. आईचं वय बघता प्रतिनिधी दुसरा कुणी नेमायचा का, हे त्यालाच विचारा.

त्या १८,००० चं माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगते. वसूल करायला जाऊ नका, आणि 'जाऊ दे, आजारी होता' म्हणून विसरूही नका. त्याला फेडायचे असतील तर महिन्याला दोनशे-पाचशे घ्या आणि पावती द्या, इतरांना देता तशीच. ज्याचं डोकं फुटलं त्या टाळकऱ्याशी मात्र स्वतंत्र बोला. त्याचा राग खरा आहे आणि त्याला तुम्ही कुणी विचारलेलं दिसत नाही.

'जरा जास्तच शांत' या तुमच्या शब्दांवर मी थांबले. उन्माद उतरल्यावर पुष्कळदा माणूस खोल बुडतो, त्यात कार्तिकातली लाज. घरी जाऊन एकट्यानं, सरळ शब्दांत विचारा: जीव नकोसा होतो का, संपवावंसं वाटतं का? विचारल्यानं तसं काही डोक्यात शिरत नाही. 'हो' म्हणाला तर त्याला एकट्याला सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. तुमच्यासाठीही आहे तो.

एक राहिलं. तुमच्या पत्रात बुवा काय म्हणतात ते आहे, आई, मंडळातले निम्मे, माळेवाला, सगळे बोलतात. तो स्वतः वारीला यायचं म्हणतो का? अख्ख्या पत्रात त्याच्या तोंडचं एकच वाक्य आहे, आणि तेही आजारातलं. आधी त्याला विचारा. नको म्हणाला तर हे वरचं सगळं बाजूला ठेवा.

आणि हाताच्या थरथरीचं. लिथियमनं बोटं बारीक थरथरतात, बऱ्याच जणांची. डॉक्टरांना सांगितलं तर त्यावर काही करता येतं. तोवर बोल चुकतील. पण पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावायला हात स्थिर लागत नाही, कान लागतो, आणि तो त्याचा शाबूत आहे. सध्या तुमच्याकडे ती कोण लावतं? येत्या एकादशीला त्याच्या घरी निरोप धाडा: कणकेचा गोळा तुझ्या घरून, आणि लावायलाही तूच ये, आमच्यानं स्वर जमत नाही. हसलेल्या दोघा-तिघांना त्या दिवशी तुमच्या शेजारी बसवा. तो येईल, किंवा आईच्या हाती नुसता गोळा पाठवेल. गोळा आला तर तो लावा आणि पुढच्या एकादशीला पुन्हा निरोप धाडा.

तुमची,
ताई