टॉप घट्ट बसवा, पण जखडू नका

प्रश्न : सागवानी टेबलाचा टॉप चौकटीला सरस लावून वरून स्क्रूंनी आवळला होता. वर्षभरात मधोमध चीर गेली. लाकूड ओलं होतं का?

असेलही, पण माझा पहिला संशय सरसावर आहे. लाकूड कितीही मुरलेलं असलं तरी हवेतला दमटपणा शोषतं आणि सोडतं. लांबीत ते जवळपास हलत नाही. तंतूंच्या रेषेला आडवं, म्हणजे रुंदीत, मात्र फुगतं-आकसतं. सागवान यात बरंच शांत लाकूड. तरीही ९०० मिमी रुंद टॉपची आर्द्रता ४ टक्क्यांनी बदलली, तर फळ्यांच्या कापानुसार ३ ते ६ मिमी फरक पडतो. टॉपखालच्या चौकटीची आडवी पट्टी त्याच दिशेला लांबीत असते, ती हलत नाही. कोरड्या हवेत टॉप आकसू पाहतो, सरस सोडत नाही, आणि शेवटी फळीच फाटते.

चिरेत लांबी (पुट्टी) भरू नका. दमट दिवसांत टॉप फुगला की भरलेला भाग पाचरीसारखा काम करतो. आधी स्क्रू काढा, सरसाचा सांधा पातळ करवतीने सोडवा, टॉप काही आठवडे मोकळा ठेवा. चीर बरीचशी मिटते. मग ती सरस भरून शिकंज्यात आवळा आणि टॉप सरसाशिवाय बसवा.

प्रश्न : सरस नाही, तर मग टॉप धरायचा कशाने?

माझी पसंती लाकडी गुटक्यांना. गुटक्याला पुढे जीभ काढायची, पट्टीच्या आतल्या अंगाला खाच पाडायची, जीभ खाचेत घालून गुटका टॉपला खालून स्क्रूने बसवायचा. जिभेच्या वर गुटक्याची जाडी खाचेच्या वरच्या अंतरापेक्षा १ मिमी कमी ठेवा. त्यामुळेच टॉप खाली ओढला जातो. टॉप जिथे रुंदीत सरकतो, त्या आडव्या पट्ट्यांवर जीभ खाचेत पूर्ण ठोकू नका. लांब बाजूंच्या पट्ट्यांवर तर जिभेच्या टोकापुढे ३-४ मिमी मोकळी जागा हवीच, कारण तिथे टॉप थेट आत-बाहेर जातो.

गुटके करायला वेळ नसेल तर झेड आकाराच्या क्लिपा याच खाचेत चालतात. दोन्ही बाबतींत आडव्या पट्ट्यांच्या मध्यावर एकेक स्क्रू पक्का मारा. मग हालचाल दोन्ही कडांना सारखी वाटली जाते.

प्रश्न : माझी चौकट लोखंडी आहे.

पट्टीतली भोकं टॉपच्या रुंदीच्या दिशेने लांबट करा, मधलं भोक गोल राहू द्या. रुंद वॉशर घाला आणि स्क्रू वॉशर टेकेपर्यंतच फिरवा; करकचून आवळला की लांबट भोक असून नसल्यासारखंच. टेबल वारंवार सोडायचं असेल तर टॉपमध्ये आट्यांचे पितळी इन्सर्ट बसवून बोल्ट वापरा. तेच तेच स्क्रू काढघाल करून लाकडातली पकड जाते.

प्रश्न : प्लायवूडच्या टॉपलाही हे सगळं करायचं?

नाही. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे तो नगण्य हलतो. खालून सरळ स्क्रू मारा. फक्त स्क्रूची लांबी तपासा : १८ मिमी प्लायमध्ये टोक १२-१३ मिमीपेक्षा जास्त शिरू नये. ड्रिलच्या पात्याला त्या मापावर टेप गुंडाळली की भोक आरपार जात नाही.

प्रश्न : टॉपला खालून पॉलिश हवं का?

हवं, आणि वर जेवढे हात तेवढेच खाली. एकच बाजू बंद केली तर दोन्ही अंगांनी दमटपणा वेगवेगळ्या गतीने शिरतो आणि टॉप वाटीसारखा वाकतो. पॉलिशने लाकडाची हालचाल थांबत नाही, फक्त मंदावते. म्हणून गुटके आणि लांबट भोकं पॉलिश केलेल्या टॉपलाही लागतातच.