पडलेल्या उमेदवारानंही खर्चाचा हिशोब द्यायचा असतो, आणि पोच घ्यायची असते

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. ग्रामपंचायतीला 11 मतांनी पडलात, घरातलीच काही मतं शेजारच्या प्रभागाच्या यादीत निघाली, सरपंच तुमच्या पॅनलचा आला पण बॉडीत बहुमत समोरच्यांचं, आणि मित्र म्हणतोय कोर्टात जा. हे सगळं ठीक आहे, त्यावर खाली बोलतो. पण शेवटी तुम्ही जे लिहिलंय ना, "आता पाच वर्षं मोकळा", ते वाचून मला धस्स झालं. 2017 ला पडल्यावर मीही अगदी हेच म्हणालो होतो.

आधी सांगतो, मी वकील नाही, एकदा पडलेला आणि एकदा उभंच राहू न दिलेला माणूस आहे. नियम बदलत असतात, ताजं परिपत्रक बघून घ्या.

निवडणूक खर्चाचा हिशोब दिलात का? निकालापासून 30 दिवसांत द्यायचा असतो, निवडून आलेल्यानंही आणि पडलेल्यानंही. पडलेल्यांना हे कोणी सांगत नाही. गुलाल दुसऱ्याच्या अंगावर असतो, आपण दोन दिवस घराबाहेर पडत नाही, मग ऊसतोड नाहीतर नोकरी सुरू होते आणि महिना कधी गेला कळत नाही.

मला निदान माहीत तरी होतं. सगळी बिलं, मंडपवाला, जीपचं डिझेल, पत्रकं, चहावाल्याची चिठ्ठीसुद्धा, रबर लावून तालुक्याच्या एका ऑफिसात घेऊन गेलो (नाव घेत नाही, सगळीकडे तेच आहे). टेबलावरच्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "ठेवा तिथं कपाटावर, पडलेल्यांचं कोण बघतंय." मला बरंच वाटलं हो! ठेवलं, बाहेर येऊन वडापाव खाल्ला, आणि पुण्याची गाडी पकडली. ठरलेल्या नमुन्यात भरलं नव्हतं, शपथपत्र जोडलं नव्हतं, आणि सगळ्यात मोठा गाढवपणा म्हणजे पोच घेतली नाही. ना आवक क्रमांक, ना शिक्का. त्या गठ्ठ्याचं पुढं काय झालं देव जाणे. रद्दीत गेला असणार.

पुढं कारणे दाखवा नोटीस आली. कोतवालानं वडिलांच्या हातात दिली, वडिलांना वाटलं पाणीपट्टीचं काहीतरी असेल, त्यांनी ती लाइट बिलाच्या तारेला टोचून ठेवली. उत्तर गेलं नाही, त्यामुळं 2019 ला जिल्ह्याहून अपात्रतेचा आदेश निघाला, तोही त्याच तारेला. 2022 ला मी पुन्हा फॉर्म भरला, डिपॉझिट भरलं, पॅनल जुळवलं, आणि छाननीच्या दिवशी समोरच्या पार्टीच्या पोरानं खिशातून त्या आदेशाची झेरॉक्स काढली. माझा आदेश माझ्याकडं नाही, त्याच्याकडं आहे! पाच मिनिटांत फॉर्म बाद. संध्याकाळी घरी येऊन ती तार उपसली तर खालून दोन्ही कागद निघाले, वर तीन वर्षांची बिलं.

कायद्यात हे कलम 14 ब आहे, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 मधलं. अपात्रता पाच वर्षांची, आणि ती निकालापासून नाही, आदेशाच्या तारखेपासून मोजतात. आता बघा, निवडणूक येते पाच वर्षांनी. आदेश निघायला ऑफिस जितका उशीर लावेल तितकी अपात्रता पुढं सरकते, म्हणजे निवडणूक वेळेवर लागली तर ती हमखास हातची गेली. चूक तीस दिवसांची, शिक्षा अख्ख्या टर्मची. ही अपात्रता काढायचा किंवा मुदत कमी करायचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाला आहे, पण त्यासाठी सबळ कारण लागतं, आणि "कपाटावर ठेवलं होतं" हे कारण पोचेशिवाय कोण ऐकणार.

आमच्या वेळी 7 ते 9 सदस्यांच्या पंचायतीत सदस्याला 25 हजारांची मर्यादा होती. तुमचा खर्च दोन हजार असो नाहीतर शून्य, हिशोब द्यायचाच. निवडणुकीसाठी जे वेगळं बँक खातं काढलं असेल ते इतक्यात बंद करू नका, स्टेटमेंट लागतं.

आता बाकीचं. यादीचा घोळ कुठं होतो तर दोन वेगळे आयोग आहेत हे गावात कोणाला माहीत नसतं. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडं, ग्रामपंचायत ते महापालिका राज्य निवडणूक आयोगाकडं, 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीपासून. राज्य आयोग स्वतःची यादी बनवत नाही, विधानसभेचीच यादी उचलतो आणि प्रभागवार फोडतो. नवीन नाव घालणं किंवा काढणं तिथं होतच नाही, प्रभाग चुकला असेल तर प्रारूप यादी लागते तेव्हाच्या चार-आठ दिवसांत हरकत घ्यायची. तहसीलदार दोन्हीकडं तोच, म्हणून आपल्याला वाटतं सगळं एकच आहे. पुढच्या वेळी प्रारूप यादी लागली की घरोघरी जाऊन नावं ताडा, पत्रकं छापण्याआधी. यादी अंतिम झाल्यावर त्यावरून निवडणूक रद्द करून घेणं फार अवघड, निदान माझं तरी हे मत.

कोर्टात जायचंच असेल तर निकालापासून 15 दिवसांत दिवाणी कोर्टात अर्ज जावा लागतो. पण खरं सांगू, 11 मतं यादीनं घेतली की भावकीनं, ते आधी बघा. तीन जागांच्या प्रभागात मतदाराला तीन मतं असतात, आणि आपले लोक दोन मतं पॅनलला देतात, एक पाहुण्याला. तुमच्याच पॅनलच्या दुसऱ्या दोघांना किती पडली ते तुमच्या आकड्याशेजारी मांडून बघा, कोणी कापलं ते लगेच दिसेल. मला दिसलं होतं, चुलत्यानंच.

सरपंचाचं म्हणाल तर थेट निवडणुकीत हे होणारच. 2017 ला थेट सरपंच आला, 2020 ला पुन्हा सदस्यांतून निवडायचं ठरलं, 2022 ला परत थेट. लोक सरपंच एकाचा आणि सदस्य दुसऱ्याचे निवडतात, मग उपसरपंच समोरच्यांचा होतो आणि मासिक सभेत चहावरून भांडणं. घाबरू नका, पहिली दोन वर्षं सरपंचावर अविश्वास आणता येत नाही, आणि नंतर आणला तरी तीन चतुर्थांश सदस्य लागतात, वर ग्रामसभेत गुप्त मतदान. त्यामुळं तुमचा माणूस ग्रामसभेला माणसं जमवत राहिला तर टिकेल.

पण हे सगळं नंतर. उद्या सकाळी हिशोब नमुन्यात भरा, शपथपत्र जोडा, दोन प्रती न्या. टेबलावर कोणी "ठेवा तिथं" म्हणालं तर ठेवू नका, टपाल घेतात त्या खिडकीवर जा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्या आणि तिथंच मोबाइलवर फोटो काढा. तुमचा निकाल नेमका कुठल्या तारखेला लागला ते इथं लिहा, किती दिवस उरलेत ते मोजून सांगतो.