कणसातल्या पांढऱ्या अळ्या

प्रश्न : गच्चीवर ड्रममध्ये स्वीट कॉर्न लावलं आहे. एक कणीस सोललं तर टोकाचे केस कुजलेले आणि आत बारीक पांढऱ्या अळ्या. इंटरनेटवर शोधलं तर फ्लोरिडातल्या पट्टेदार पंखांच्या माशीचे फोटो आले. ती मुंबईत पोचली का? काय फवारू?
– एक वाचक, दहिसर

उत्तर : ती माशी, यूक्सेस्टा स्टिग्मॅटियस, अमेरिका खंडातली. धडधाकट कणसाच्या केसांतही ती अंडी घालते. अळ्या आधी केस कुरतडतात, मग दाणे पोखरतात. आपल्याकडे बहुतेक वेळा क्रम उलटा असतो : आधी पतंगाची अळी कणीस पोखरते, दाणा आंबतो आणि मग त्या वासावर साध्या माश्या येतात. तेव्हा आधी भिंग घ्या. अळीला पाय नाहीत, डोकं वेगळं दिसत नाही, तोंडाकडे निमुळती आहे, तर ती माशीची. पाय आणि टणक डोकं असेल तर पतंगाची. त्यातही डोक्यावर उलटा ‘वाय’ आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके दिसले, तर ती २०१८ मध्ये भारतात पहिल्यांदा सापडलेली अमेरिकन लष्करी अळी. माशीच्या अळ्या दिसल्या तरी शेजारची कणसं पतंगाच्या अळीसाठी तपासा.

फवारणी नकोच. आत शिरलेल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही. फ्लोरिडातही फवाऱ्याने फक्त उडत्या माश्या मरतात, म्हणून केस ताजे असेतो तिथे पुन्हा पुन्हा फवारावं लागतं. पतंगाच्या अळीवर चालणारी बीटी पावडर (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची) माशीच्या अळीवर चालत नाही.

पिशवीच बरी. केस डोकावले त्याच दिवशी कणसावर मलमलीची पिशवी चढवून देठाशी बांधा. सकाळी दव सुकलं की पिशवी काढा, तुरा केसांवर झटका, लगेच पुन्हा बांधा. हे चार-पाच दिवस करा. एका केसामागे एक दाणा, त्यामुळे परागकण न मिळालेल्या केसाची जागा रिकामी राहते (कणीस बोळकं निघालं की दोष उगाच किडीवर जातो). केस तपकिरी झाले तरी पिशवी काढू नका. केस डोकावल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी दाण्याला नख लावून पाहा, दुधाळ रस आला की तोडा.

किडकी कणसं कंपोस्टमध्ये टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस उन्हात ठेवा. कोष मातीत असतात, म्हणून ड्रममधली वरची तीन-चार इंच माती उकरून वाळू द्या.