'मानव संसाधन', 'मनुष्यबळ' आणि वस्तीचा योगक्षेम

उत्तर नागपुरात शिवणकामाचे आणि संगणकाचे वर्ग चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे: पाटीवर 'मानव संसाधन विकास केंद्र' लिहावं की 'मनुष्यबळ विकास केंद्र'? 'संसाधन' कोरडा वाटतो, 'मनुष्यबळ' जास्त आपुलकीचा वाटतो, असं त्या म्हणतात. शिवाय या कामातून वस्तीचं जे भलं होतं, त्यासाठी त्यांना नेमका शब्द हवा आहे.

ताई, 'संसाधन' आपल्याकडे बराचसा हिंदीच्या वाटेनं आला. 'नैसर्गिक साधनसंपत्ती' हा आपला जुना शब्द. 1985 साली केंद्रातलं शिक्षण खातं हिंदीत 'मानव संसाधन विकास मंत्रालय' झालं, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी 'मनुष्यबळ विकास' रूढ केला. त्या खात्याचे पहिले मंत्री पी. व्ही. नरसिंह राव तेव्हा आपल्या रामटेकचेच खासदार होते. 2020 मध्ये खात्याला पुन्हा 'शिक्षण' हे नाव मिळालं, ते मला मनापासून आवडलं.

पण 'मनुष्यबळ' खरंच आपुलकीचा आहे का? 'मनोबळ', 'बाहुबळ' म्हणताना बळ त्या माणसाचं स्वतःचं असतं. 'सैन्यबळ', 'द्रव्यबळ' म्हणताना ते सैन्य किंवा पैसा बाळगणाऱ्याचं. 'मनुष्यबळ' या दुसऱ्या रांगेतला. 'मनुष्यबळ अपुरं आहे' असं कारखाना म्हणतो, कामगार म्हणत नाही. हिंगणा, बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत 'मॅनपावर' म्हणतात तेव्हाही हिशेब हातांचाच असतो. म्हणजे दोन्ही शब्द माणसाकडे कामावर ठेवणाऱ्याच्या बाजूनं पाहतात. कंपनीच्या विभागासाठी त्यात काही गैर नाही. तुमच्या वर्गात येणारी बाई मात्र कुणाचं बळ वाढवायला येत नाही, स्वतःच्या पायावर उभी राहायला येते.

'मानव विकास' हा तिसराच शब्द आहे, त्याची गल्लत करू नका. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकारानं 1990 साली संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव विकास अहवाल निघाला. माणूस हे साधन नव्हे, साध्य आहे, ही त्यामागची भूमिका. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न एकत्र मोजणारा निर्देशांक त्यातूनच आला.

वस्तीच्या भल्यासाठी मला सगळ्यात प्रिय शब्द 'योगक्षेम'. योग म्हणजे जे नाही ते मिळवणं, क्षेम म्हणजे जे मिळालं ते राखणं. शिकून काम मिळालं, हा योग. पण आजारपण आलं, अपघात झाला, म्हातारपण आलं तर काय, हा क्षेमाचा प्रश्न, आणि प्रशिक्षणाच्या गप्पांत नेमका तोच राहून जातो. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल 1877 मध्ये नागपुरात सुरू झाली आणि 1886 साली तिथे पेन्शन फंडही आला. असा फंड एकट्या गिरणी कामगारापुरता राहत नाही, त्याच्या घराला आधार होतो. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या केंद्रांत कामगारांच्या कुटुंबीयांसाठी शिवण वर्ग आणि शिशुमंदिरं चालतात. तिथलं 'कल्याण' याच अर्थाचं.

तेव्हा पाटीवर 'शिक्षण' हा शब्द घ्याच. 1958 साली स्थापन झालेल्या केंद्रीय कामगार शिक्षण मंडळाचं मुख्यालय अनेक वर्षं आपल्याच शहरात होतं. त्या जुन्या नावात कामगार हा शिकणारा आहे, कुणाचा साठा नाही. 'कौशल्य शिक्षण व कल्याण केंद्र' हे नाव मला योग्य वाटतं. 'योगक्षेम' पाटीवर जड होईल, तो माहितीपत्रकात वापरा, अर्थासकट. अनुदानाच्या अर्जात 'मनुष्यबळ विकास' मागितला असेल तर तिथे तोच लिहा, फक्त 'बळ' ळ-नंच. 'मनुष्यबल' असं लिहू नका.